मुंगूस दुपारी येतं: परसातलं पक्कं खुराडं कसं बांधावं

रविवारची दुपार, तीनचा सुमार. दाल-बाफले खाऊन सगळं घर आडवं झालेलं. परसातून एकदाच कलकलाट आला आणि थांबला. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. चारला चहा ठेवून मागे गेलो, तर पाचांतल्या तीन कोंबड्या मेलेल्या. मानेवर बारीक दातांच्या खुणा, आणि एकीचंही मांस खाल्लेलं नाही. उरलेल्या दोघी दांडीवर, भिंतीला चिकटून. जाळी कुठे फाटलेली नव्हती. खालच्या कोपऱ्यात सुताराने ठोकलेली एक पिन निघाली होती आणि तिथे तळहात जाईल एवढी फट पडली होती.

आमचं घर इंदुरात, राऊच्या बाजूला. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे सोयाबीनचं शेत. मुंगूस तिथलंच, आम्ही रोज बघायचो त्याला. रात्रीची खोली मी झकास केली होती: वर पत्रा, दाराला कुलूप. कोंबड्या दिवसभर जिथे फिरतात ते पुढचं अंगण मात्र सुताराने त्याच्या मनाने षटकोनी जाळी लावून आवरलेलं. मुंगूस हे दिवसाचं जनावर आहे, हे मला ठाऊक होतं. बांधताना ते आठवलं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी सगळं उखडून पुन्हा बांधलं. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या बांधणीचं, सहा कोंबड्यांच्या मापाने.

चोर कोण कोण

दिवसा मुंगूस आणि भटकी कुत्री. लहान पिल्लं असतील तर कावळा, शिक्रा आणि घारही. रात्री बोका, घूस, उंदीर, आणि जुनी झाडं असलेल्या वस्तीत उदमांजर. ते छपराछपरांवरून येतं, म्हणून वरून उघडं असलेलं खुराडं त्याच्या दृष्टीने उघडंच. साप बहुतेक करून अंड्यांसाठी, पिल्लांसाठी, आणि त्याहून जास्त तुमच्या खुराड्यातल्या उंदरांसाठी येतो.

प्रत्येकाची पद्धत वेगळी, म्हणून उपायही वेगळा. कुत्रं ताकद लावतं, अंगाने जाळी रेटतं. मुंगूस फट शोधतं. घूस खालून उकरते. उंदीर कुरतडतो. उदमांजर वर चढतं. खुराडं एकाच चोराला डोळ्यांसमोर ठेवून बांधलं की दुसरा आत येतो.

मुंगूस आणि साप हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सापळे लावणं, विष ठेवणं डोक्यातून काढून टाका. उंदरांसाठीसुद्धा खुराड्याजवळ विष नको, मेलेला उंदीर कोंबड्या आवडीने टोचतात.

माप आणि दिशा

आतल्या खोलीत दर कोंबडीमागे ४ चौरस फूट आणि बाहेरच्या अंगणात १० चौरस फूट धरा. सहा कोंबड्यांना ४ × ६ ची खोली आणि तिला जोडून १० × ६ चं जाळीचं अंगण पुरतं. म्हणजे एकूण १४ फूट लांब, ६ फूट रुंद. सहा ठरवून दहा आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो होणार असेल तर आत्ताच दहाच्या हिशेबाने बांधा. दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात आणि एकदा रक्त दिसलं की त्या थांबत नाहीत.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. खोली पश्चिम टोकाला, अंगण पूर्वेला. आपल्याकडे पावसाचा झोडपा पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि मे महिन्यातलं मारक ऊनही दुपारनंतर पश्चिमेचंच. त्या बाजूला खोलीची भरीव भिंत आली की दोन्ही अडतात. सकाळचं कोवळं ऊन पूर्वेकडून अंगणात येतं, ते कोंबड्यांना हवंच असतं.

कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून बांधू नका. भिंत आणि खुराडं यांत निदान दोन फूट जागा सोडा, माणूस आडवा होऊन जाईल इतकी. त्या सापटीत काय चाललंय ते दिसत नसेल, तर घूस तिथेच बीळ करणार.

काळ्या मातीचा पाया

माळव्यात सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं. पुण्या-कोल्हापूरकडचे नातेवाईक फोनवर जे सल्ले देतात, त्यांतला निम्मा इथे लागू पडत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मे महिन्यात अंगणातल्या भेगेत आख्खी फूटपट्टी उभी जाते, मी घालून बघितली आहे. अशा जमिनीवर नुसत्या विटा ठेवून खुराडं उभं केलं, तर पहिल्या जुलैत दार अडकतं आणि पुढच्या मे महिन्यात त्याच दाराखाली फट पडते.

खोलीसाठी वरची काळी माती दीड-दोन फूट काढून टाका. मुरूम लागला तर उत्तम, नाही लागला तर बाहेरून मुरूम आणून भरा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस. जमिनीच्या वर एक फूट जोतं घ्या आणि त्यावर तीन इंचांचा कोबा. कोब्याला पूर्वेकडे, म्हणजे दाराकडे, इंचभर उतार ठेवा, नाहीतर धुतलेलं पाणी मागच्या कोपऱ्यात साचतं. कोबा झाला की घूस खालून येत नाही, खोलीचा प्रश्न मिटला.

अंगणाला कोबा नको, कोंबड्यांना माती उकरायला हवी. मग खालून येणाऱ्यांचं काय? बरेच जण चारी बाजूंनी फूटभर खोल विटांची भिंत पुरायला सांगतात. मुरमाड जमिनीत ती टिकते. काळ्या मातीत दोन पावसाळ्यांत तडकते, आणि तडकलेली भिंत म्हणजे घुशीला तयार वाट. त्याऐवजी जाळीची झालर घाला. दीड फूट रुंदीची पट्टी घ्यायची, तिचे चार इंच अंगणाच्या खालच्या पाइपाला उभे बांधायचे आणि उरलेले चौदा इंच बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवे पसरायचे. वर दोन-तीन इंच खडी. उकरणारं जनावर नेहमी जाळीच्या बुडाशी सुरुवात करतं. तिथे नखं जाळीला लागतात, आणि चौदा इंच मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. माती फुगली तर झालर वाकते, तुटत नाही. लावण्याआधी तिला डांबराचा एक हात दिला तर गंज उशिरा धरतो.

अंगणाच्या खांबांचे खड्डे दोन फूट खोल, फूटभर चौकोनी. तळाशी सहा इंच खडी-मुरूम, मग खांब, मग काँक्रीट. काँक्रीटचं डोकं जमिनीच्या वर दोन इंच आणि बाहेर उतरतं करा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. लोखंडी खांब सडतो तो नेमका तिथेच.

जाळी आणि सांगाडा

दुकानात ‘मुर्गा जाली’ मागितली की षटकोनी भोकांची पातळ जाळी हातात देतात. तिचं नाव मुर्ग्याचं असलं, तरी ती फक्त कोंबड्यांना आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं. तुम्हाला हवी आहे ती वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी भोकांची जाळी, चार सूत भोकाची, म्हणजे अर्धा इंच बाय अर्धा इंच. तार १८ किंवा १९ गेज. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, यात भलेभले गोंधळतात आणि २२ गेजची स्वस्त जाळी ‘मजबूत आहे’ म्हणून घेऊन येतात.

जाळी उजेडात धरून तारांचे जोड बघा. जोडाजवळ जस्ताचा चंदेरी लेप गोळा झालेला दिसला तर जाळी आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवलेली आहे. जोडावर तपकिरी, जळकट ठिपके दिसले तर उलट झालंय, आणि ती दुसऱ्या पावसाळ्यात जोडातूनच सुटायला लागेल. एका जोडावर अंगठ्याने जोर देऊन बघा. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू दे.

सांगाड्याला एक इंची चौकोनी पाइप, १६ गेजचा. जाळी तीन फूट रुंद रोलमध्ये मिळते आणि सगळा हिशेब त्याभोवती फिरतो. अंगणाची उंची सहा फूट न धरता ५ फूट १० इंच धरा आणि मधोमध एक आडवा पाइप द्या. तीन-तीन फुटांच्या दोन पट्ट्या त्या पाइपावर बरोबर दोन इंच एकमेकींवर चढतात, जोड मजबूत होतो आणि कापाकापी होत नाही. सहा फुटांचा सांगाडा केलात तर पट्ट्या नुसत्या एकमेकींना टेकतात आणि तिथे फट राहते. माझ्या वेल्डरने हे मापं घेतानाच पकडलं, “भिया, दो इंच की कंजूसी कर लो, फायदे में रहोगे.” उंच माणसाला आत थोडं वाकावं लागतं. अंगणाच्या रुंदीलाही हाच हिशेब लावा, म्हणजे वरच्या जाळीचा जोडही असाच बसतो.

तीन बाजू, वरची जाळी, झालर आणि खोलीची झरोक्यांची जाळी मिळून तीन फुटी रोलची साधारण ९० ते ९५ रनिंग फूट जाळी लागते. भाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही लोहामंडीत पोचेपर्यंत तो बदललेला असेल.

जाळी पाइपाला वेल्ड करू नका. जस्त जळतं, त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि जळलेल्या जागी गंज पहिला धरतो. सांगाडा आधी पूर्ण वेल्ड करून घ्या, रेडऑक्साइड मारा, वर ऑइलपेंट. मग जाळी लावून तिच्यावर लोखंडी पट्टी ठेवा आणि दर सहा इंचांवर वॉशरसकट स्वतः भोक पाडणारा स्क्रू मारा. पट्टीमुळे जाळी सगळीकडे सारखी दाबली जाते. नुसत्या पिनांवर किंवा बाइंडिंग तारेवर भरवसा ठेवू नका. माझ्या तीन कोंबड्या एका पिनेवर गेल्या.

वर जाळी हवीच. घारीसाठी, उदमांजरासाठी, आणि कडकनाथ पाळणार असाल तर कोंबड्यांसाठीही, कारण त्या भिंतीवर सहज उडून बसतात. खोलीकडच्या अर्ध्या भागात जाळीच्या वरून पत्रा घाला. दाणा-पाणी त्याखाली ठेवा, म्हणजे वर बसलेल्या कावळ्यांची शीट त्यात पडत नाही. याचं कारण पुढे येतं.

खोली

पश्चिमेची भिंत पूर्ण विटांची. उत्तर-दक्षिणेच्या भिंती चार फुटांपर्यंत विटांच्या, त्यावर छपरापर्यंत वेल्डमेश. हवा वरून खेळली पाहिजे. कोंबडी बसते त्या उंचीवर वारा लागता कामा नये, पण तिच्या डोक्यावरून दमट हवा आणि अमोनिया बाहेर गेला पाहिजे. हिवाळ्यात लोक मायेने सगळं खुराडं प्लास्टिकने गुंडाळतात आणि पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागतात. इंदुरात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली जातो, तरी मोठ्या कोंबडीला त्याचं काही वाटत नाही. ओल आणि कोंदट हवा तिला जास्त बाधते.

छपराचा उतार पश्चिमेकडे, पुढे-मागे दीड-दोन फूट पत्रा बाहेर. आता एक गोष्ट, जी माझ्या पहिल्या खुराड्यात तर नव्हतीच, पण दुसऱ्यातही मी विसरलो होतो. पत्रा नालीदार असतो. तो भिंतीवर टेकला की प्रत्येक नालीखाली एक कमान उरते, अंगठा सहज जाईल एवढी. भिंतभर अशा दहा-पंधरा कमानी म्हणजे उंदरांसाठी दहा-पंधरा दारं. सिमेंटने बुजवा, किंवा वेल्डमेशचे तुकडे चुरगाळून ठासून भरा आणि वरून सिमेंट लिंपा. फोम किंवा थर्माकोल भरू नका. उंदीर तो कुरतडतात आणि उरलेला कोंबड्या खातात.

जुने कवेलू, म्हणजे मातीची कौलं, पडून असतील तर छपराला ते पत्र्यापेक्षा थंड. फक्त त्यांच्याखाली जाळीचं सलग अस्तर लागेल, कारण कवेलूंच्या सांध्यांतून साप आरामात उतरतो.

दारं

माणसाचं दार नेहमी बाहेर उघडणारं करा. आत उघडणाऱ्या दाराला कुत्र्याने अंग रेटलं की कडीवर ताण येतो. बाहेर उघडणारं दार रेटल्यावर चौकटीत आणखी घट्ट बसतं. चौकटीला खालूनही पाइप घ्या, उंबरठ्यासारखा. आणि चारी बाजूंनी दोन सूत फट सोडा, त्याहून कमी नको आणि जास्त नको. कमी सोडली तर जुलैत अडकेल.

कड्या दोन, एक वर आणि एक खाली. एकाच कडीचं दार खालच्या कोपऱ्यात वाकतं, हात लावून बघा. वरच्या कडीत कुलूप किंवा स्प्रिंगचा हूक. नुसती सरकती कडी रोजच्या धक्क्यांनी हळूहळू मागे येते.

कोंबड्यांसाठी खोली आणि अंगण यांच्या मधल्या भिंतीत १२ इंच रुंद, १४ इंच उंच खिडकी आणि तिला वर सरकणारी पत्र्याची झडप. झडप खाली आली की आरपार एक खिळा घालायचा. तो दोरीने तिथेच बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यात हरवतो. रोज तिन्हीसांजेला झडप पडलीच पाहिजे, अंगण कितीही पक्कं असलं तरी. आपोआप बंद होणाऱ्या झडपा ऑनलाइन मिळतात. घ्यायच्या तर घ्या, पण झडप बंद झाली तेव्हा सहाच्या सहा आत होत्या का, हे ती सांगत नाही. मोजायला जावंच लागतं.

करंगळी आणि टॉर्च

बांधकाम संपलं की कोंबड्या आणण्याआधी दोन परीक्षा.

पहिली दिवसा. सगळ्या खुराड्याभोवती उकिडवं बसून फिरा आणि दिसेल त्या सांध्यात करंगळी घाला. करंगळी गेली तर ती फट बुजवायची. दाराच्या बिजागऱ्यांपाशी, झडपेच्या खाचेत, पाणी जायला ठेवलेल्या भोकात, वायर आत आणली असेल तिथे.

दुसरी अमावस्येच्या आसपासच्या रात्री. घरातल्या कुणाला तरी टॉर्च देऊन खोलीत बसवा, दार-झडप लावा, परसातले दिवे घालवा आणि बाहेरून फिरा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथे खडूने खूण. आमच्याकडे भाचा आत बसला होता आणि मी बाहेरून खुणा करत होतो. पत्र्याच्या त्या कमानी मला तेव्हा दिसल्या. अंधारात भिंतीच्या डोक्यावर दिव्यांची माळ लागल्यासारखी, सात भोकं ओळीने. दिवसा त्याच भिंतीसमोर उभा राहून मी काम फत्ते म्हणून वेल्डरला पैसे दिले होते.

वर्षातून दोनदा हे पुन्हा करा, एकदा मेअखेरीस माती भेगाळलेली असताना आणि एकदा ऑगस्टमध्ये ती फुगलेली असताना. नुसत्या दिवाळीच्या साफसफाईत बघितलं तर दोन्ही दोष सुटतात.

आतली मांडणी

दांडी दोन इंच रुंद, कडा रंध्याने गोल केलेल्या. दर कोंबडीला ९-१० इंच, म्हणजे सहांना साडेचार ते पाच फूट. पश्चिम भिंतीपासून दीड फूट लांब आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच. खोकी उंच राहिली तर कोंबड्या त्यांत झोपतात आणि सकाळी अंडी शिटीत बरबटलेली मिळतात. खोकी फूट बाय फूट, चार कोंबड्यांना एक, सहांना दोन. तरी सगळ्या एकाच खोक्यात अंडी घालतात, हे बघून वैतागू नका.

खाली चार इंच लाकडाचा रंध्याचा छिलका. फर्निचरवाल्याकडे पोतंभर मिळतो, पण प्लायवूडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नको. आठवड्यातून एकदा खालीवर करा, ओल दिसली तर मूठभर चुना टाकून मिसळा. वास घ्यायचा तो उभ्याने घेऊ नका. खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन घ्या. डोळे चुरचुरले तर छिलका बदलायची वेळ झाली. काढलेला छिलका दोन-तीन महिने कुजवून मग कुंड्यांना घाला, ताजा घातला तर रोपं जळतात.

एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती मिसळून घमेलं ठेवा. त्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा झाडतात.

दाणा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लेयर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, लागतं, वर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. रात्री दाण्याचं भांडं उचलून आणा. उंदीर दाण्यासाठी येतो आणि साप उंदरासाठी. पावसाळ्यात एकदम मोठं पोतं भरू नका, मक्याला बुरशी धरते आणि ती बुरशी विषारी असते. आणि शेजारची पोरं जाळीतून शेव टाकतात, ती बंद करा. कोंबडीला मीठ झेपत नाही. इंदुरात शेवेला नाही म्हणणं किती अवघड, ते मला विचारा.

मे महिना

पारा ४० च्या वर गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून सोडून उभ्या राहतात. थंडीपेक्षा या दिवसांत जास्त मरतात. छपराला बाहेरून चुन्याचा दाट हात द्या, पश्चिम भिंतीवर बांबूची चटई वीतभर अंतर सोडून टांगा. गिलक्याचा वेलही चालतो, पण तो छपरापर्यंत पोचू देऊ नका, उंदरांना शिडी होते. दुपारी उत्तर-दक्षिणेच्या जाळीला ओलं गोणपाट लावा. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे त्याचा गुण येतो. जुलैत हेच केलंत तर आत वाफारा होतो. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदलून. दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या, भर दुपारी पोट भरलेली कोंबडी जास्त तापते.

शेजार आणि आजार

बांधायच्या आधी महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि सोसायटी असेल तर तिथे विचारून घ्या. शेजाऱ्यांनाही. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं शिरत नाही, पण कोंबड्यांना त्यांची हरकत नव्हती, कोंबड्याला होती. अंड्यांसाठी कोंबडा लागतही नाही. पहाटे चारला आरवणारा आणून संबंध बिघडवू नका.

डिसेंबर २०२० च्या शेवटी इंदुरात कावळे मरून पडायला लागले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी होऊन एच५एन८ बर्ड फ्लू निघाला होता. दाणा-पाणी छपराखाली ठेवायला सांगितलं ते यासाठी. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तर त्यांना हाताने उचलून कचरागाडीत टाकू नका. पशुचिकित्सा विभागाला कळवा.

मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, हा नेहमीचा शत्रू. त्याची पहिली लस पिल्लू आठवड्याचं असताना आणि पुढची साधारण आठव्या आठवड्यात असते. पहिल्यांदा पाळत असाल तर एका दिवसाची पिल्लं आणूच नका, लसी झालेल्या दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणा. शंका असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येतं.

कोंबड्या आल्यावर

अंडी हवीत तर हैदराबादची ग्रामप्रिया किंवा जबलपूरची नर्मदानिधी. कडकनाथ आपल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला जीआय मानांकनही मिळालं. कोंबडी दिसायला देखणी आणि काटक, पण अंडी कमी, वर्षाला शंभराच्या आसपास. आणि अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. पाहुणे दर वेळी निराश होतात.

तलंगा आणल्या की पहिले चार-पाच दिवस खोलीतच कोंडून ठेवा, दाणा-पाणी आत. घर कुठलं ते त्यांना कळू द्या. मग एका संध्याकाळी, अंधार पडायला तासभर असताना झडप उघडा. फार लांब जायला वेळच उरत नाही आणि अंधारताना त्या आपणहून आत वळतात. एखादी तरी अंगणातच, पाण्याच्या भांड्याशेजारी बसून राहते. तिला ओरडू नका, हाकलू नका. पूर्ण अंधार झाल्यावर दोन्ही हातांनी पंख दाबून उचला आणि दांडीवर बाकीच्यांच्या मध्ये ठेवा, कडेला नको. अंधारात ती हलत नाही. आमच्याकडची एक कडकनाथ सलग तीन रात्री अशी उचलून ठेवावी लागली. चौथ्या दिवशी झडप टाकायला गेलो आणि सवयीने भांड्याशेजारी हात घातला, तर तिथे कुणी नव्हतं. खोलीत टॉर्च मारला. दांडीवर सहा होत्या.